खणाचे जाकीट पुरुषांचे की बायकांचे? कपड्यांच्या मराठी नावांविषयी एक प्रश्न

टाकेदोरा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. पुण्यात आम्ही चौघी मिळून खणाच्या कापडाचे शिवणकाम करतो. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा खण पूर्वी चोळीपुरता आणि ओटीपुरता घेतला जाई. आता त्याच कापडाची जाकिटे, उपरणी, पिशव्या, पाकिटे आणि घड्याळाचे पट्टेसुद्धा लोक आवडीने घेतात. आजवर आमची विक्री प्रदर्शनांतून होत असे. तेथे वस्तू हाताशी असल्यामुळे तिच्याविषयी लिहिण्याची वेळ फारशी येत नसे. आता मात्र संकेतस्थळासाठी प्रत्येक वस्तूचे मराठी वर्णन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि तक्त्यातला पहिलाच रकाना 'कोणासाठी' असा आहे. त्यात 'पुरुष', 'स्त्रिया' आणि 'मुले' यांपैकी एक पर्याय निवडावा लागतो.

अडचण कशी येते ते एका प्रसंगावरून सांगते. गेल्या प्रदर्शनात एका गृहस्थांनी आमचे बिनबाह्यांचे जाकीट घालून पाहिले, आरशासमोर दोनदा वळले आणि बरे दिसते आहे असे स्वतःच म्हणाले. मग गळ्याच्या आतल्या चिठ्ठीवर 'लेडीज' हा शब्द दिसला, तसे त्यांनी ते मुकाट्याने काढून घडी घालून ठेवले. वास्तविक ते जाकीट आम्ही एकाच बेतावर सर्वांसाठी शिवतो; छपाईवाल्याकडून आलेल्या चिठ्ठ्या शिल्लक होत्या, त्या सरसकट लावल्या गेल्या इतकेच. त्याच दिवशी दुसऱ्या एका तरुणाने उपरणे हातात घेऊन "हे बायकी तर दिसणार नाही ना?" असे विचारले. उपरण्याविषयी असा प्रश्न पडू शकतो, याचे मला आजही नवल वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. इंग्रजीत ज्याला 'युनिसेक्स' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे? 'उभयलिंगी' हा शब्द एका परिचितांनी सुचवला, पण तो लिहिताना माझा हात अडखळतो. 'कुर्ता' पुरुषांचा आणि 'कुर्ती' बायकांची, हे मराठीत ठरलेलेच आहे काय? आमच्यातील एकीचे म्हणणे असे की, ज्या भाषेत रुमालसुद्धा 'तो' आणि पिशवीसुद्धा 'ती' असते, त्या भाषेत लिंगभेद टाळून कपड्यांविषयी लिहिताच येणार नाही. हे म्हणणे कितपत खरे आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त व्याकरणशिक्षक

टाकेदोरा ताई, आपल्या मैत्रिणीचा आक्षेप मी आधी विचारात घेतो, कारण तो बऱ्याच सुशिक्षित माणसांच्या मनात असतो आणि माझ्या मते तो चुकीचा आहे.

शब्दाचे व्याकरणातले लिंग आणि ती वस्तू अंगावर घालणाऱ्याचे लिंग यांचा मराठीत जवळजवळ संबंध नाही. मोल्सवर्थ यांच्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत प्रत्येक नामापुढे लिंग दिलेले आहे. ती उघडून केवळ वस्त्रांची आणि दागिन्यांची नावे काढून पाहावीत. पुरुषांच्या डोक्यावरची 'पगडी' आणि 'टोपी' स्त्रीलिंगी आहे, 'पागोटे' आणि 'मुंडासे' नपुंसकलिंगी आहे. 'बाराबंदी', 'बंडी', 'विजार' आणि 'लुंगी' या सगळ्या 'ती'. उलट बायकांच्या वापरातला 'पदर', 'परकर', 'घागरा', 'गजरा', 'अंबाडा' आणि सौभाग्याची खूण मानलेला 'चुडा' हे सगळे 'तो'. 'लुगडे' आणि 'धोतर' ही दोन्ही 'ते'. फार काय, दाढी आणि मिशी यांपेक्षा पुरुषी काही असेल असे वाटत नाही, आणि त्या दोघीही स्त्रीलिंगी आहेत. तेव्हा 'ती पिशवी' असे लिहिल्याने पिशवी बायकांची होत नाही. आपण निर्धास्त असावे.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लिंगही घालणाऱ्याकडे पाहून ठरलेले नाही. घरात आधीपासून असलेल्या शब्दाच्या जागेवर नवा शब्द येऊन बसला, आणि त्या जागेबरोबर लिंगही त्याच्याकडे आले. सदरा गेला आणि शर्ट आला, म्हणून 'तो शर्ट'. विजार गेली आणि पँट आली, म्हणून 'ती पँट'. पट्ट्यामुळे बेल्ट पुल्लिंगी, टोपीमुळे हॅट स्त्रीलिंगी, चष्म्यामुळे गॉगल पुल्लिंगी आणि घागऱ्यामुळे स्कर्टही पुल्लिंगी झाला. काही शब्दांचा निकाल अजून लागलेला नाही. 'तो ब्लाउज' म्हणणारे आहेत, तसेच 'ते ब्लाउज' म्हणणारेही आहेत. त्यांच्या कानात पोलके घुमत असावे, असा माझा तर्क आहे.

आता कुर्ता आणि कुर्ती. मराठीत आकारान्त पुल्लिंगी नाम मोठ्या वस्तूचे आणि त्याचे ईकारान्त स्त्रीलिंगी रूप लहान वस्तूचे, अशा जोड्या पुष्कळ आहेत. सुरा आणि सुरी, थैला आणि थैली, कंठा आणि कंठी, गाडा आणि गाडी. 'टोप' आणि 'टोपी' ही जोडीही त्याच वळणाची. या जोड्यांत भेद आकाराचा आहे. सुरी बायकांनीच वापरावी असे कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने कुर्ती म्हणजे आखूड कुर्ता. ती पुरुषाने घातली तरी कुर्तीच, आणि बाईने गुडघ्याखाली जाणारा घातला तर तो कुर्ता. अलीकडे बाजाराने या आकाराच्या भेदावर स्त्री-पुरुषांचा भेद चढवला आहे आणि तो आता रुळलाही आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु आपण तो पाळलाच पाहिजे असे भाषेचे बंधन नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रियापदांची आहे. कपड्यांसाठी मराठीत एकच क्रियापद नाही. न शिवलेले वस्त्र कमरेला गुंडाळायचे असेल तर ते आपण 'नेसतो', शिवलेले 'घालतो', अंगावरून घ्यायचे ते 'पांघरतो', डोक्याला गुंडाळायचे ते 'बांधतो'. बाई लुगडे नेसते आणि पुरुष धोतर नेसतो. सोवळे दोघेही नेसतात, लुंगीही नेसायचीच असते. म्हणजे वस्त्रांची वर्गवारी मराठीने फार पूर्वीच करून ठेवलेली आहे, आणि ती वस्त्र अंगावर कसे राहते यावरून केलेली आहे. कोणाच्या अंगावर राहते, हा प्रश्न तिने विचारलेला नाही. आपल्या तक्त्याचा पहिला रकाना या जुन्या वर्गवारीवरून आखला, तर निम्मी अडचण तेथेच मिटेल.

एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. 'घालणे'चा भूतकाळ कपड्याच्या लिंगाप्रमाणे चालतो: "मी जाकीट घातले" हे वाक्य कोणीही म्हणू शकते. 'नेसणे'चा भूतकाळ मात्र कर्त्याप्रमाणे चालतो: "मी साडी नेसले", "मी धोतर नेसलो". वर्णन लिहिताना "नेसायला सोपे", "नेसता येते" अशी रचना केली, तर वाचणारा पुरुष आहे की स्त्री हे ठरवण्याची वेळच येणार नाही. 'तुम्ही' हे सर्वनामही या कामी उपयोगी आहे, कारण "तुम्ही घालता" या रूपात लिंग दिसत नाही.

'उभयलिंगी' हा शब्द टाळावा, हा आपला संकोच योग्यच आहे. तो जीवशास्त्रातला शब्द आहे. गांडूळ उभयलिंगी असते, जाकीट नसते. कोणी 'सामाईक' सुचवील, तर तोही घेऊ नये. 'सामाईक कुर्ता' म्हटले की सातबाऱ्यावरच्या सामाईक विहिरीसारखे वाटते, आणि चार भाऊ आळीपाळीने तो घालत आहेत असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. साधे 'सर्वांसाठी' पुरेसे आहे.

---

शिंपी, सातारा

वरील गुरुजींनी भाषेचे सांगितले, मी मशीनवरचे सांगतो. आमचे दुकान माझ्या वडिलांपासून आहे आणि पाटीवर त्यांच्या काळापासून 'लेडीज अँड जेन्ट्स टेलर' असे लिहिलेले आहे. परंतु बेतणीच्या टेबलावर आम्ही कधी 'पुरुष' आणि 'बाई' असे लिहीत नाही. वहीत छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, बाही आणि उंची एवढेच लिहितो. त्या आकड्यांवरून कापड कापले जाते.

शिवणीत भेद कोठे येतो तेही सांगतो, म्हणजे आपल्याला वर्णन लिहिताना त्याचा उपयोग होईल. पहिला भेद काजपट्टीचा. पुरुषांच्या शर्टाला काज डाव्या बाजूला आणि बटणे उजव्या बाजूला लावतात. बायकांच्या शर्टाला त्याच्या उलट. याची कारणे लोक नाना प्रकारची सांगतात, त्यांतली कोणतीही मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुसरा भेद टक्सचा, म्हणजे छातीपाशी आणि कमरेपाशी घेतलेल्या चिमटीचा. तिसरा भेद खिशाचा, आणि मला विचाराल तर खरा अन्याय येथे आहे. बायकांच्या कुर्त्याला खिसा ठेवायचा नाही ही कोणाची आज्ञा आहे हे मला कळलेले नाही. पण तयार कपड्यांत तो नसतो आणि मग प्रत्येकीला वेगळी पर्स बाळगावी लागते. खिसा असलेल्याजवळ पाकीट, खिसा नसलेलीजवळ पर्स. पैसे ठेवण्याच्या वस्तूची दोन नावे होण्यामागे शिवणीतला हाच फरक आहे, असे मला तरी वाटते. पूर्वीचा बटवा पान-सुपारी आणि पैशांसाठी दोघांच्याही कमरेला असे.

तेव्हा आपल्या जाकिटाचे वर्णन असे लिहावे: "छाती ४० इंच, उंची २४ इंच, खांदा १५ इंच, सरळ बेत, टक्स नाहीत, दोन आतले खिसे, काज डावीकडे." आकडे आपल्या मापाप्रमाणे बदलावेत. हे वाचून गिऱ्हाइकाला कळते की आपल्याला बसेल की नाही. 'पुरुषांसाठी' एवढेच लिहिले तर काहीच कळत नाही, कारण पुरुष सुतळीसारखेही असतात आणि पिंपासारखेही असतात. काजपट्टीचा प्रश्न नको असेल तर बटणांऐवजी समोरासमोर दोऱ्याचे फास किंवा बंद लावावेत. बाराबंदीला बंदच असत.

---

गल्ल्यावरून

आपण सर्वांनी लिहिले ते पटण्यासारखे आहे, तरी मी दुकानदार असल्यामुळे थोडे विरोधात लिहितो. गिऱ्हाईक शोधताना 'सरळ बेताचा आखूड कुर्ता' असे टंकत नाही. ते 'लेडीज कुर्ती' असेच टंकते. दुकानात येणारी बाईसुद्धा दारातूनच "लेडीज रुमाल आहेत का?" असे विचारते. तो शब्द आपण कोठेच लिहिला नाही, तर माल चांगला असूनही कोणाला सापडणार नाही आणि आपली भाषा शुद्ध राहून दुकान मात्र बसेल.

एक गोष्ट मात्र गल्ल्यावर बसून माझ्या लक्षात आली आहे. 'लेडीज' हे विशेषण आपण फार सढळपणे लावतो: लेडीज रुमाल, लेडीज छत्री, लेडीज घड्याळ, लेडीज सायकल. 'जेन्ट्स छत्री' असे म्हणणारे गिऱ्हाईक मला क्वचितच भेटले. नुसती छत्री म्हटली की ती पुरुषांची असे गृहीत असते. आणि लेडीज म्हणजे काय, तर बहुतेक वेळा नुसती लहान. बारीक मनगटाच्या पुरुषाला लहान तबकडीचे घड्याळ शोभून दिसते, पण मी ते पुढे केले की तो हात मागे घेतो. गंमत अशी की, पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात मनगटावरचे घड्याळ हीच बायकांची वस्तू समजली जात असे आणि पुरुष खिशात साखळीचे घड्याळ ठेवत. खंदकात लढणाऱ्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढणे गैरसोयीचे झाले, तेव्हा ते पुरुषांच्या मनगटावर येऊन स्थिरावले.

माझी सूचना अशी की, मथळ्यात आणि वर्णनात माप आणि बेत लिहावा, आणि शोधासाठी जे शब्द वेगळे भरावे लागतात त्यांत लेडीज, जेन्ट्स, कुर्ता, कुर्ती हे सगळे भरावेत.

---

भिकबाळी

मी ढोल-ताशा पथकात वाजवतो आणि उजव्या कानाच्या वरच्या बाजूला भिकबाळी घालतो. मुलगे जगत नसत तेव्हा भीक मागून आणलेल्या सोन्याची ही बाळी मुलाच्या कानात घालीत, असे घरात सांगितले गेले. तिच्या नावात भीक आहे आणि रूप 'बाळी' असे स्त्रीलिंगी आहे, तरी मिरवणुकीत तिला सगळे 'मर्दानी' म्हणतात. पेशवाईतील सरदारांच्या चित्रांत कानात मोती आणि गळ्यात कंठे दिसतात. त्याच माझ्या कानाच्या पाळीत मी पुढच्या वर्षी साधा मोत्याचा खडा घातला, तेव्हा कार्यालयातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी "हे काय बायकी?" असे विचारले. दोन्ही दागिने मोत्याचे, दोन्ही एकाच कानात, अंतर फार तर दीड इंचाचे.

मला सांगायचे आहे ते 'बायकी' या शब्दाविषयी. गुरुजींनी व्याकरणाला निर्दोष ठरवले ते बरोबर आहे, पण दोष विशेषणांत आणि वाक्प्रचारांत आहे. मुलीने शर्ट घातला तर फार तर 'पुरुषी' म्हणतील, आणि त्यात अनेकदा कौतुकही मिसळलेले असते. मुलाला 'बायकी' म्हटले की त्यात कौतुकाचा अंशही नसतो. भ्याडपणा दाखवायचा तर "हातात बांगड्या भरल्या आहेत काय?" असे विचारायचे, आणि हाच आकार थोडा जाड करून हातात घातला की त्याला 'कडे' म्हणायचे, म्हणजे मर्दुमकी शाबूत राहते. ज्या बांगडीची ही अशी संभावना होते, ती फुटली तर मात्र 'फुटली' म्हणायचे नाही, 'वाढवली' म्हणायचे. एवढा मान आणि एवढा अपमान एकाच वस्तूच्या वाट्याला आलेला मला दुसरीकडे आठवत नाही. बाळलेण्यांत हा भेद नसतो, हेही पाहण्यासारखे आहे. वाळे आणि बिंदल्या मुलाला घालतात आणि मुलीलाही घालतात.

आणखी एक. कोणी 'स्त्री-पुरुष दोघांसाठी' असे सुचवील, तर तेही लिहू नये. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली आहे. 'दोघांसाठी' म्हटले की मोजणी दोनवरच थांबते. गुरुजींचे 'सर्वांसाठी' अधिक मोकळे आहे.

---

वऱ्हाडकर

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे विदर्भात 'दुपट्टा' हा शब्द सत्कारात पुरुषाच्या खांद्यावर घालतात त्यालाही आहे आणि मुलींच्या ओढणीलाही आहे. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात मोटरसायकलवरचा प्रत्येक जण तो डोक्याला आणि तोंडाला गुंडाळूनच बाहेर पडतो. कापड फुलाफुलांचे आहे की कोणाचे आहे, हे कोणी पाहत नाही. आपल्या उपरण्याला तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी 'दुपट्टा' म्हणावे. पुण्यातील त्या तरुणाला पडलेला प्रश्न येथे कोणाला पडणार नाही.

---

टाकेदोरा (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आम्ही चौघींनी बसून तक्ता नव्याने आखला. 'कोणासाठी' हा रकाना संकेतस्थळ बांधणाऱ्यांना काढता येत नाही, म्हणून तेथे प्रत्येक वस्तूपुढे 'सर्वांसाठी' हा चौथा पर्याय घालून घेतला आहे. त्याच्या शेजारी 'वापर' असा नवा रकाना केला आणि गुरुजींनी सांगितलेली क्रियापदे तशीच घेतली: घालण्याचे, नेसण्याचे, पांघरण्याचे, बांधण्याचे. पिशव्या आणि पाकिटे यांत कोठेच बसेनात, तेव्हा 'बाळगण्याचे' असे पाचवे वाढवले. दुकानदारांच्या सूचनेप्रमाणे शोधाच्या शब्दांत लेडीज आणि जेन्ट्स दोन्ही भरले आहेत; ते वाचकाला दिसत नाहीत.

जाकिटाच्या वर्णनात शिंपीकाकांची मापे आली आणि काजपट्टीऐवजी बंद लावायचे ठरले. लेडीज रुमालाला आता 'लहान रुमाल, १० इंच चौरस' असे नाव दिले आहे. आतल्या चिठ्ठीवर केवळ छातीचे माप छापून घेणार आहोत. जुन्या चिठ्ठ्या अजून दोन पुडकी शिल्लक आहेत; त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शिक्क्याने माप उमटवता येईल का, एवढे शिंपीकाकांनी कृपया सांगावे, कारण सॅटिनवर साधी शाई पसरते आणि पहिल्याच धुण्यात जाते.

---

शिंपी, सातारा

सॅटिनवर शिक्का टिकणार नाही. त्या चिठ्ठ्या उलट्या करून, कोरी बाजू वर घेऊन शिवाव्यात आणि मापाचा आकडा कपड्यावर खुणा करण्याच्या पक्क्या शाईच्या पेनाने लिहावा. आधी एकीवर लिहून धुऊन पाहावे. 'लेडीज' शिवणीच्या आत जाईल.